सहाचे सात

माझ्या आईची शाळा दुसरीतच सुटली. तरी एक गणित ती आम्हा शिकलेल्या मुलांपेक्षा झटकन करायची. "सहाचे सात, सहाचे सात" असं पुटपुटत बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायचा की उत्तर तयार. बाराचे चौदा, तिसाचे पस्तीस. लहानपणी मला वाटायचं, हा कुठला तरी पाढा आहे आणि आमच्या गुरुजींना तो येत नाही.

तो पाढा नव्हता, हुंडणावळ होती. आईचं माहेर मोगलाईतलं, धोकीजवळच्या एका खेड्यातलं, सासर बार्शीचं. मोगलाई म्हटलं की आजच्या मुलांना औरंगजेब आठवतो, म्हणून सांगतो. आमच्याकडची जुनी माणसं निजामाच्या राज्याला मोगलाई म्हणत. निजामाचं घराणं मोगलांचे सुभेदार म्हणून दक्षिणेत आलं, आणि मोगल बुडाले तरी लोकांच्या तोंडचा शब्द दोनशे वर्षं तसाच राहिला. मोगलाईत हाली शिक्का चालायचा, बार्शीकडं इंग्रजांचा कलदार. सहा कलदार दिले की सात हाली मिळायचे. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, पण त्याचा रुपया लगेच गेला नाही. मी शाळेत जायला लागलो तेव्हासुद्धा आजी माहेरवाशिणीला भेटायला आली की तिच्या कनवटीला चारमिनारचं चित्र असलेली नाणी असायची. त्यातलं एक माझ्याकडं आहे.

बार्शी आणि धोकी यांत अंतर ते काय! पण मध्ये राज्याची हद्द होती, आणि ती हद्द ओलांडणारी आमची गाडी म्हणजे बार्शी लाईट. रेल्वेच्या कागदावर 'बार्शी लाईट रेल्वे'. आमच्याकडं कुणी पूर्ण नाव घेत नसे. "लाईटनं आलो", "लाईट चुकली" एवढंच. पुढं घरात विजेचे दिवे आले तेव्हा आजीला या शब्दाचा दुसराही अर्थ आहे हे कळायला वेळ लागला.

मी इतिहासाचा मास्तर. एकतीस वर्षं सोलापुरात शिकवला. पण ज्या गाडीत लहानाचा मोठा झालो तिचा इतिहास निवृत्तीनंतर वाचला. त्यातलं बरंचसं ऐकून ठेवण्यासारखं आहे.

मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६० साली सोलापुरात पोचली. ती बार्शीला गेली नाही. बार्शी तेव्हा कापूस आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ. बालाघाटावरचा सगळा माल घाट उतरून बैलगाड्यांनी तिथं यायचा. अशा पेठेला वगळून रूळ कुर्डुवाडीवरून गेले. मग कंपनीनं काय केलं, तर कुर्डुवाडीच्या स्टेशनाला नाव दिलं 'बार्शी रोड'. म्हणजे इथं उतरा आणि पुढं रस्त्यानं एकवीस मैल जा. हे 'रोड' प्रकरण आमच्या भागात फार. अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड, जत रोड, कळंब रोड, औसा रोड. नावात 'रोड' असलं की गाव तिथं नाही असं बेलाशक समजावं. नवखा माणूस गाणगापूर रोडला उतरून दत्ताचं देऊळ कुठं म्हणून विचारायला लागला की टांगेवाल्याचा दिवस बरा जायचा.

तर या एकवीस मैलांवर एका इंग्रज माणसाची नजर गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप त्याचं नाव. १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेत इंजिनांच्या खात्यात नोकरीला आलेला. त्याला दिसलं की बार्शीचा माल बार्शी रोडपर्यंत आणण्यात बैल आणि माणसं दोघंही मरतात, पण मोठी लाईन टाकावी इतका पैसा त्या मुलखात नाही. म्हणून त्यानं छोट्या लाईनचं खूळ डोक्यात घेतलं. खूळच म्हणायचं, कारण त्यापायी त्यानं १८८९ साली नोकरी सोडली आणि पुढची पाच-सहा वर्षं सरकारदरबारी खेटे घातले. १८९५ साली कंपनी उभी राहिली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी धावली.

त्याची कल्पना ऐकायला साधी आहे. रूळ हलके टाकायचे, दोन रुळांमध्ये अंतर फक्त अडीच फूट. पण रूळ हलके म्हणून गाडीही खेळण्यातली करायची नाही. इंजिन असो की मालाचा डबा, कुठल्याही दोन चाकांच्या जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये; म्हणजे ओझं वाढलं तर चाकं वाढवा. त्यामुळं वाराला तीस पौंड वजनाच्या किरकोळ रुळावरून लांबलचक डबे बिनधोक जायचे. पहिली इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीनं बांधली, आणि ती हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळच न्यूले इथं तात्पुरते रूळ टाकून सगळ्यांना चालवून दाखवली. आमच्या बार्शीची गाडी पहिल्यांदा विलायतेत धावली, हे मला साठीनंतर कळलं. बार्शीत कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

या कॅलथ्रॉपचं आणखी एक. बार्शीत जे जमलं ते त्यानं आपल्या देशात नेलं. स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नावाच्या नदीच्या खोऱ्यातून त्यानं तशीच अडीच फुटी लाईन बांधली. १९०४ साली ती सुरू झाली. तिच्या इंजिनांवर आपल्याकडच्यासारखे भले मोठे दिवे होते, अंधारात रुळावर गुरं दिसावीत म्हणून लावतात तसे. इंग्लंडातल्या कुंपण घातलेल्या रुळांवर त्यांचा काय उपयोग, देव जाणे. मॅनिफोल्ड नदी म्हणे उन्हाळ्यात जमिनीत गडप होते आणि पुढं पुन्हा वर येते. आमची तेरणा उन्हाळ्यात गडप होते, ती मृगातच वर येते. मॅनिफोल्डची लाईन तीस वर्षांतच, १९३४ साली बंद पडली. बार्शीची शंभरी गाठून गेली. पुढं कॅलथ्रॉपनं विमानातून उडी मारायची छत्री तयार केली, तिचं नाव 'गार्डियन एंजल'. पहिल्या महायुद्धात ती शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला वापरली गेली, आपल्या वैमानिकांना मात्र दिली गेली नाही. १९२७ साली तो वारला. त्याच वर्षी बार्शी लाईट मिरजेला पोचली.

असो. माणूस मोठा नादिष्ट होता, त्यामुळं विषयांतर झालं. लाईन कशी वाढली ते थोडक्यात सांगतो. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूर. १९११ साली बार्शीहून पुढं घाट चढून लातूर. १९२७ साली पंढरपूरहून सांगोला, जत रोड, कवठेमहांकाळ करत मिरज. सगळी मिळून २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. लातूरला बसलेला माणूस मिरजेला उतरेपर्यंत निजामाच्या राज्यातून इंग्रजी मुलखात यायचा आणि शेवटी पटवर्धनांच्या संस्थानात उतरायचा. तिकीट मात्र एकच.

आषाढी-कार्तिकीला या गाडीचं जे काही व्हायचं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. डब्याच्या आत, दारात, टपावर, दोन डब्यांच्या मधल्या सांध्यावर सगळीकडं वारकरी. इंजिन चंद्रभागेच्या पुलावर आलं की असा काही गजर व्हायचा की शिट्टी ऐकू यायची नाही. तेरच्या गोरोबाकाकांच्या गावचे लोक याच गाडीनं पंढरीला यायचे.

आता त्या हद्दीचं सांगतो.

बार्शी सोडली की पांगरी लागतं. पांगरी बार्शी तालुक्यातलं, म्हणजे इंग्रजांचं. त्यापुढं रामलिंगाचा घाट. गाडी धापा टाकत चढायची. पोरं उतरून बरोबर चालायची आणि घाट संपायच्या आत पुन्हा चढायची. मीही केलं आहे आणि आईच्या हातचा मारही खाल्ला आहे. आई नेहमी मला जुनाच सदरा घालायची, कारण इंजिनाच्या कोळशाच्या ठिणग्यांनी कपड्याला भोकं पडायची. झाडीत रामलिंगाचं देऊळ आहे त्या दिशेला ती हात जोडायची. घाट चढला की येडशी. येडशी निजामाचं.

मी पाहिली तेव्हा येडशी हे एक साधं स्टेशन होतं. पण आजीच्या काळात, म्हणजे १९४८ च्या आधी, येडशी आली की डब्यातली बडबड थांबायची. निजामाच्या राज्याची स्वतःची जकात होती. तिला करोडगिरी म्हणत. १८०२ साली इंग्रजांशी झालेल्या तहात तिचा दर शेकडा पाच ठरला होता. राज्याचं स्वतःचं टपाल, स्वतःची तिकिटं, स्वतःचं नाणं, तशीच ही स्वतःची जकात. बार्शीच्या बाजारातून लग्नाचा बस्ता घेऊन कुणी चाललं की नाकेदार गाठोडं सोडायला लावायचा. आजी सांगायची, त्यावर बायकांचा तोडगा ठरलेला. नवी लुगडी गाठोड्यात ठेवायची नाहीत, अंगावर नेसायची, एकावर एक दोन-दोन. माझ्या एका मावशीच्या लग्नाच्या वेळी घरातल्या बायका वैशाखात अशा दुहेरी लुगड्यांत बसून घाट चढल्या. आजी हे हसत सांगायची. त्या मावशीला ते आठवलं की आजही घाम फुटायचा.

येडशीच्या पुढं लाईन तेरणेच्या खोऱ्यात उतरते. उतरते म्हणायचं, खरं तर तो सगळा माळ आहे आणि मध्ये काळ्या रानाची पट्टी. पावसाळ्यात जिला नदी म्हणावं अशी तेरणा त्या पट्टीतून जाऊन पुढं मांजरेला मिळते. हे खोरं फार जुनं आहे. तेर हे गाव याच नदीवर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख 'तगर' म्हणून येतो. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून वाईट रस्त्यांनी भडोचच्या बंदराला जाते असं त्यात म्हटलं आहे. बैलगाड्या, कापूस-कापड आणि वाईट रस्ता. कॅलथ्रॉपनं ते वाचलं होतं की नाही मला माहीत नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रीकाची आणि त्याची तक्रार एकच होती.

या खोऱ्यातली स्टेशनं म्हणजे कळंब रोड, धोकी, मुरूड. कळंब रोडचं स्टेशन कळंबला नाही, कसबे तडवळ्याला आहे. इथं फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. महार-मांग परिषद भरली होती, निजामाच्या हद्दीत. आडबाजूच्या तडवळ्यात एवढी मोठी परिषद भरते त्याचं एक कारण मला तरी हेच दिसतं, की गावाला स्टेशन होतं आणि हद्द हाकेच्या अंतरावर होती. धोकीला पुढं तेरणा साखर कारखाना झाला, पण तो माझ्या डोळ्यांदेखत. आणि मुरूडच्या पुढं औसा रोड करत लातूर. लातूरची पेठ गाडीनं मोठी केली. कापूस, तूर, करडई; कच्छी व्यापारी, मारवाडी, लिंगायत, सगळ्यांच्या आडती. बार्शीतले लोक चेष्टेनं म्हणत, आमची बाजारपेठ लाईटनं लातूरला नेली.

याच लातुरात कासिम रझवी नावाचा एक वकील होता.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, निजाम सामील झाला नाही. नोव्हेंबरात 'जैसे थे' करार झाला. तोपर्यंत रझवी इत्तेहादचा पुढारी झाला होता आणि त्याचे रझाकार गावोगाव फिरू लागले होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसनं लढा उभारला. हद्दीच्या अलीकडं, बार्शी तालुक्यात आणि सोलापूरच्या आसपास, कार्यकर्त्यांचे कॅम्प पडले. मोगलाईतून लोक इकडं यायला लागले. मे १९४८ मध्ये तर सोलापूर-गुलबर्गा लाईनवर गाणगापूरच्या स्टेशनात मद्रासहून मुंबईला जाणारी गाडी रझाकारांनी अडवून प्रवाशांवर हल्ला केला. १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या, नळदुर्ग घेतलं, आणि १७ तारखेला सगळं संपलं.

मी वर्गात हे फार रंगवून सांगायचो. कारण ते आमच्या घरातलं होतं. आई तेव्हा चौदा वर्षांची. १९४८ च्या शिमग्याच्या आधी आजोबांनी घर सोडायचं ठरवलं. शेजारच्या गावात वाडा जळाला होता. रात्री बैलगाडीनं धोकी, तिथून पहाटेची गाडी. आजीनं सोनं ज्वारीच्या पिठात दाबून ठेवलं होतं. येडशीला हत्यारी माणसं डब्यात चढली. एकानं पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, आत बघितलं आणि परत लावलं. आई म्हणायची, त्यानं हात घातला असता तर पीठ कोपरापर्यंत लागलं असतं, कपडे खराब होतील म्हणून घातला नसेल. मग घाट. मग पांगरी. पांगरीला गाडी थांबली तेव्हा डब्यातली एक बाई मोठमोठ्यानं रडायला लागली, इतका वेळ गप्प होती ती.

ही गोष्ट मी एकतीस वर्षं सांगितली. पिठाच्या डब्यापाशी वर्ग अगदी चिडीचूप व्हायचा.

२०१३ साली वर्तमानपत्रात पंडित सुंदरलाल समितीविषयी वाचायला मिळालं. पोलीस अ‍ॅक्शननंतर मोगलाईत काय झालं ते बघायला केंद्र सरकारनं १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं होतं. त्यांचा अहवाल सरकारनं छापला नाही. पासष्ट वर्षांनी तो दिल्लीत वाचायला खुला झाला. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर झालेल्या हल्ल्यांत मेलेल्यांचा आकडा त्यांनी सत्तावीस ते चाळीस हजार असा अंदाजला आहे. सगळ्यांत वाईट स्थिती चार जिल्ह्यांची: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. लातूरचा उल्लेख वेगळा आहे. तिथं वीस दिवसांहून जास्त काळ मारणं चाललं. दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरलेले समितीला दिसले, हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले. रझाकारांनी आधी जे केलं तेही त्या मंडळींनी लपवलेलं नाही. आणि शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन शेजारी वाचवल्याचीही उदाहरणं दिली आहेत. त्यात एकाच धंद्यातल्या लोकांची, विणकरांची विशेष. सोलापूरच्या माणसाला ते वाचून बरं वाटतं.

आईला मी रोज दुपारी पेपर वाचून दाखवायचो. तिला दिसत कमी होतं. ती तेव्हा एकोणऐंशी वर्षांची. लातूरचा परिच्छेद आला तेव्हा म्हणाली, "पुरे." मी पेपर मिटला. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "येडशीला चाची दिसली होती."

मला आधी समजलंच नाही. येडशीची गोष्ट म्हणजे पिठाचा डबा. ती म्हणाली, जाताना नाही, येताना.

दसरा झाल्यावर आजोबांनी सगळ्यांना परत गावी नेलं. तीच गाडी, उलट्या दिशेनं. येडशीला क्रॉसिंग होतं, लातूरकडून येणारी गाडी यायची होती म्हणून हिची गाडी थांबून राहिली. फलाटावर माणसं बसलेली, बायका-पोरं जास्त, गाठोडी. त्या वेळी लातूर-धोकीकडून रेल्वेनं हैदराबादला जायचं तर वाट इकडूनच होती. कुर्डुवाडी, सोलापूर, वाडी, मग हैदराबाद. त्या माणसांत मणेराची चाची बसली होती. आईच्या घराशेजारचं घर. आईच्या हातात पहिला चुडा तिनं भरलेला, आणि दर संक्रांतीला आजीशी भावावरून भांडणारी. तिच्याबरोबर दोन पोरं होती. मणेरचाचा नव्हता.

"मी हात वर केला," आई म्हणाली. "हाक मारायला तोंड उघडलं. आईनं माझा हात खाली ओढला."

मी विचारलं, चाचीनं बघितलं का?

"बघितलं की."

मग गाडी आली, मणेराची चाची तिच्यात चढली असेल, आईची गाडी सुटली. गावात मणेराच्या घराला कुलूप होतं. काही महिन्यांनी कुलूप गेलं आणि तिथं दुसरं कुणी राहायला आलं. आजोबा गावचे शहाणे म्हणून मानलेले. त्यांनी त्याबद्दल घरात कधी शब्द काढला नाही, आणि पुढच्या वर्षी आईचं लग्न होऊन ती बार्शीला आली.

मी आईला म्हटलं, इतकी वर्षं हे सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "तू पिठाच्या डब्याचं विचारायचास. ते सांगितलं."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्या हाताखालून निदान तीन हजार मुलं गेली असतील. त्यांना मी गाडी येडशीहून बार्शीकडं येतानाच दाखवली. आजीचं मी वाईट म्हणत नाही. सहा महिन्यांपूर्वी तिनं त्याच फलाटावर मांडीवर पिठाचा डबा धरून श्वास कोंडला होता. आता भोवती कोण बसलंय, कोण ऐकतंय हे तिला माहीत नव्हतं. एका हाकेनं काय झालं असतं, चाचीचं बरं की वाईट, हेही मला सांगता येत नाही. मला एवढंच कळतं की आजी हसत सांगायची ते दुहेरी लुगड्यांचं, आई सांगायची ते पिठाचं, आणि दोघींनी मिळून एक फलाट पासष्ट वर्षं झाकून ठेवला.

आई जाऊन आता काही वर्षं झाली.

बार्शी लाईट १९५४ साली सरकारनं विकत घेतली. ती अडीच फुटीच राहिली आणि एसटीच्या गाड्यांपुढं हळूहळू मागं पडली. रुंदीकरण व्हायला हे शतक उजाडावं लागलं. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर, २००७ साली लातूर-उस्मानाबाद, २००८ साली उस्मानाबाद-कुर्डुवाडी, आणि शेवटी पंढरपूर-मिरज. छोट्या लाईननं ज्या जिल्ह्याच्या गावाला कधी विचारलं नव्हतं त्या उस्मानाबादवरून मोठी लाईन वळवून नेली. आता त्याचंही नाव धाराशिव झालं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला प्यायला पाणी उरलं नाही तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी याच वाटेनं गेलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. टीव्हीवर ती गाडी बघताना मी मनात स्टेशनं मोजत होतो, सांगोला, पंढरपूर, मोडनिंब, कुर्डुवाडी. बार्शीच्या पुढं माझी मोजणी चुकली, कारण घाटातली जुनी लाईन आता नाही.

त्यानंतर एकदा नातवाला घेऊन येडशीला गेलो. आधी रामलिंगाला गेलो, माकडांनी नातवाच्या हातातली केळी नेली. मग त्याला हद्द दाखवावी म्हणून जुन्या लाईनचा माग शोधत फिरलो. कुठं भरावासारखं काही दिसे, कुठं तेही नाही. रस्त्याकडेला चहाची टपरी होती. चहावाला पंचविशीतला पोरगा. त्याला विचारलं, "बाळ, इथं जुनी बॉर्डर कुठं होती रे?"

"बॉर्डर?" त्यानं गाळणं झटकलं. "ती इकडं नाही काका. ती तिकडं, उमरग्याच्या पुढं. कर्नाटकाची ना?"

मी हो म्हटलं. नातवानं खिशातलं चारमिनारचं नाणं त्याला दाखवायला काढलं होतं, ते मी परत ठेवायला सांगितलं. मग घरी येताना गाडीत वाटलं की दाखवू द्यायला हवं होतं.